खरूज घालवायची तर सगळ्या घराने, एकाच रात्री

खरजेवर औषध मिळत नाही असं सहसा होत नाही. मलम मिळतं, लावलं जातं, चार दिवस बरं वाटतं आणि महिन्याभरात सगळं घर पुन्हा खाजवायला लागतं. मग डॉक्टर बदलतात, मलम बदलतं, कुणीतरी "रक्तातच दोष आहे" म्हणून सांगतं आणि वांगं, अंडी, मासे बंद होतात. अशा बहुतेक घरांत औषध चुकलेलं नसतं. ज्याला खाज आहे त्यालाच ते लावलेलं असतं, जिथे खाज आहे तिथेच लावलेलं असतं आणि एकदाच लावलेलं असतं. या तीन गोष्टी सुधारल्या तर साध्या खरजेचे किडे आठ-पंधरा दिवसांत संपतात. ते कसं करायचं हे पुढे सविस्तर लिहिलं आहे.

खरजेचा किडा आणि त्याचं वेळापत्रक

खरूज होते ती एका बारीक किड्यामुळे. गोचिडाच्या कुळातला, आठ पायांचा हा जीव. मादी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असते, नुसत्या डोळ्यांना जेमतेम ठिपका दिसावा एवढी. १६८७ साली इटलीत जिओव्हानी बोनोमो आणि डायसिंटो चेस्टोनी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तो पाहून खरजेचं कारण हाच किडा असल्याचं लिहून ठेवलं. इतकी वर्षं कारण ठाऊक असूनही आपल्याकडे आजही उष्णता, रक्तदोष, पोट साफ नसणं हीच कारणं सांगितली जातात. त्यात वेळ जातो आणि तेवढ्यात खरूज आणखी दोघा-तिघांकडे पोचते.

मादी कातडीच्या अगदी वरच्या, मृत थरात आडवं बीळ करत पुढे सरकते. रोज दोन-तीन अंडी घालते आणि महिना-दीड महिना जगते. अंडी तीन-चार दिवसांत फुटतात, पिल्लं साधारण दोन आठवड्यांत मोठी होतात. साध्या खरजेत एका माणसाच्या अंगावर दहा-पंधराच माद्या असतात, पण पुरळ मात्र पोटापासून मांड्यांपर्यंत पसरलेलं दिसतं. किडा, त्याची अंडी आणि विष्ठा यांची शरीराला ॲलर्जी येते, त्याची ती खाज असते. म्हणून किडा मनगटावर असला तरी खाज पाठीला सुटू शकते, आणि खाजणाऱ्या जागेवर मलम लावलं की मनगटावरचा किडा तसाच राहतो.

ही ॲलर्जी तयार व्हायला वेळ लागतो. पहिल्यांदाच खरूज झालेल्याला खाज सुटायला दोन ते सहा आठवडे लागतात. या काळात त्याला काहीही होत नसतं, पण तो शेजारी झोपणाऱ्याला खरूज देत असतो. ज्याला आधी खरूज होऊन गेली आहे त्याला मात्र दुसऱ्या खेपेला एक ते चार दिवसांतच खाज सुटते. "मला काहीच होत नाहीये, मी कशाला मलम लावू?" असं म्हणणाऱ्या घरातल्या माणसाला हे दोन-सहा आठवड्यांचं गणित शांतपणे समजावून सांगा. सगळा उपचार या एका माणसापाशी अडतो.

लागण होते कशी

कातडीला कातडी बराच वेळ लागून राहिली तर. एका गादीवर झोपणं, लहान मुलाला कडेवर घेऊन फिरणं, आजारी माणसाची अंगसेवा करणं, शरीरसंबंध. नुसता हात मिळवला किंवा बसमध्ये शेजारी बसलं तर सहसा लागत नाही. कपड्यांमधून लागण होते, पण आपण समजतो तितकी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधल्या शेफील्डला कीटकशास्त्रज्ञ केनेथ मेलनबी यांनी स्वयंसेवकांना खरजेच्या रुग्णांच्या न धुतलेल्या ब्लँकेटांत झोपवलं, त्यांची अंतर्वस्त्रं घालायला दिली. त्यातल्या फार थोड्यांना खरूज झाली. अंगाबाहेर किडा साधारण दोन-तीन दिवसांत मरतो.

खरूज म्हणजे घाणेरडेपणा, ही समजूत तर अजिबात खरी नाही. रोज दोनदा आंघोळ करणाऱ्यालाही ती होते, कारण किडा कातडीच्या आत आहे, साबणाने तो निघत नाही. जिथे माणसं दाटीवाटीने झोपतात तिथे ती फिरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये खरजेचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत केला. जगात कोणत्याही वेळी २० कोटींहून जास्त लोकांना ती असते. त्यामुळे सुनेला किंवा नातवाला झाली म्हणून कुजबुज करायचं काही कारण नाही. उलट लपवण्यामुळेच उपचार उशिरा होतो.

ओळखायची कशी

तीन प्रश्न विचारा. खाज रात्री, अंथरुणात शिरल्यावर वाढते का? घरात किंवा खोलीत आणखी कुणाला खाज सुटली आहे का? आणि पुरळ नेमकं कुठे आहे?

जागा ठरलेल्या असतात. बोटांच्या बेचक्या, मनगटाची आतली बाजू, कोपर, काखेच्या पुढची घडी, बेंबीभोवती, कमरेला नाडी किंवा करदोडा बांधतो तिथे, कुल्ले, मांड्यांची आतली बाजू. बायकांत स्तनाग्रांभोवती आणि पुरुषांत लिंगावर व अंडकोषावर खाजऱ्या पुळ्या आल्या तर संशय पक्काच धरा. मोठ्या माणसांत चेहरा आणि डोकं बहुधा सुटतं. तान्ह्या बाळांत मात्र डोकं, चेहरा, तळहात आणि तळपायसुद्धा भरतात. तळपायावर पाणी धरलेल्या पुळ्या आणि रात्रभर किरकिर असेल तर बाळाच्या आईचे हात आधी बघा.

बीळ दिसलं तर शंकाच उरत नाही. संशयिताला उजेडात बसवा, बोटं फाकवायला सांगा आणि टॉर्च समोरून न मारता बाजूने तिरपा धरा. बेचकीत किंवा मनगटाच्या घडीजवळ पाच ते दहा मिलिमीटर लांबीची, केसासारखी बारीक, राखाडी, वाकडीतिकडी रेघ दिसते. तिच्या एका टोकाला बारीक पुटकुळी किंवा काळसर ठिपका असतो. किडा तिथे असतो. खूप खाजवून ओरखडे उठले असतील तर रेघ सापडत नाही, आणि पुष्कळांत ती नसतेच. म्हणून रेघ दिसली नाही याचा अर्थ खरूज नाही असा काढू नका. त्वचारोगतज्ज्ञ डर्माटोस्कोपने, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने, पाहतात किंवा कातडीचा वरचा थर खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात, पण लक्षणं आणि घरातली इतर माणसं पाहूनच बहुतेक वेळा निदान होतं.

गल्लत सर्वांत जास्त होते ती गजकर्णाशी. गजकर्ण म्हणजे बुरशी. त्याचं गोल चट्ट्यासारखं कडं असतं, कडेला लाल व उंच आणि मधे साफ होत जाणारं. खरजेत असं कडं नसतं, सुट्या पुळ्या असतात. पित्ताच्या गांधी येतात आणि काही तासांत विरतात. ढेकूण आणि डास उघड्या अंगावर चावतात, बोटांच्या बेचक्यांत नाही. घामोळं मान, पाठ, छातीवर येतं आणि गारव्यात कमी होतं. इसब असलेल्याला खरूजही होऊ शकते, आणि तेव्हा ओळखणं अवघड जातं. जुनं इसब अचानक रात्री झोपू देईनासं झालं तर डॉक्टरांना दाखवा.

इथे एक कळकळीची विनंती. मेडिकलच्या दुकानातून "खाजेची ट्यूब" मागून आणू नका. त्यात बहुतेकदा तीव्र स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक यांचं मिश्रण असतं. स्टिरॉइडने खाज दोन दिवसांत दबते, लाली जाते, पण किडे वाढतच राहतात. पुरळाचं रूप इतकं बदलतं की नंतर तज्ज्ञालाही पटकन ओळखू येत नाही. अशी ट्यूब लावून झाली असेल तर डॉक्टरांना ते नाव घेऊन सांगा, रिकामी ट्यूब सोबत न्या.

औषधं

पहिली पसंती ५ टक्के परमेथ्रिन मलमाला. दोन महिन्यांवरच्या बाळापासून म्हाताऱ्यांपर्यंत ते चालतं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईलाही डॉक्टर ते देतात. मोठ्या माणसाच्या एका वेळेला साधारण ३० ग्रॅम मलम लागतं, लहान मुलाला त्याहून कमी. म्हणजे आई, वडील, आजी आणि दोन मुलं अशा घराला एका रात्रीसाठी निदान चार तरी ३० ग्रॅमच्या ट्यूब लागतील, आणि पुढच्या आठवड्यासाठी तितक्याच पुन्हा. एक ट्यूब आणून पाच जणांत वाटली तर कुणाचीच खरूज जात नाही. एवढा खर्च झेपत नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात घरात माणसं किती आहेत हे सांगून औषध मागा. एकट्यापुरतं घेऊन परत येऊ नका.

आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या दुसऱ्या क्रमांकावर. मात्रा वजनावर ठरते, दर किलोला २०० मायक्रोग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२ मिलिग्रॅम. खरजेसाठी ही गोळी जेवणासोबत घेतात आणि सात ते चौदा दिवसांनी दुसरी मात्रा घेतात, कारण ती अंडी मारत नाही. अंड्यांतून निघालेली पिल्लं दुसऱ्या मात्रेला सापडतात. १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना आणि गरोदर बायकांना ती देत नाहीत. अंगावर पाजणाऱ्या आईने आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असलेल्या माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. जिथे अंगभर मलम लावून घेणं शक्य नाही, जसं वसतिगृह किंवा ऊसतोडीचा तळ, तिथे ही गोळी फार उपयोगी पडते.

जुनी औषधंही आहेत. गंधकाचं मलम, ५ ते १० टक्क्यांचं, वासाला उग्र आणि कपडे खराब करणारं, पण दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी डॉक्टर अजूनही त्याचाच विचार करतात. ते सलग तीन रात्री लावतात. बेंझिल बेंझोएट स्वस्त आहे, परिणामकारक आहे, मात्र ओरखडलेल्या कातडीला झोंबतं आणि मुलं त्याने रडतात. गॅमा बेंझिन हेक्झाक्लोराइड, म्हणजे लिंडेन, हे लोशन मेंदूवर परिणाम करू शकतं आणि झटके येऊ शकतात. लहान मुलं, गरोदर बायका आणि फिट्स येणाऱ्यांना ते लावू नये. घरात कुठे जुनी बाटली पडली असेल तर टाकून द्या.

कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्याने आंघोळ केली तर अंगाला बरं वाटतं, करा. करंजाचं तेलही लोक लावतात. पण या दोन्हींच्या भरवशावर परमेथ्रिन टाळू नका. रॉकेल, शेतातलं कीटकनाशक, जनावरांच्या गोचिडांचं औषध अंगाला लावायचं नाही, कितीही जुन्याजाणत्याने सांगितलं तरी. त्याने कातडी भाजते आणि लहान मूल विषबाधेने दगावू शकतं.

आधीची तयारी

सगळे घरी असतील अशी रात्र निवडा. शनिवारची सोयीची पडते, रविवारी सकाळी कपडे धुवायला वेळ मिळतो. गेल्या दीड-दोन महिन्यांत कोण कोण अंथरुणात सोबत होतं याची यादी करा: सुट्टीत आलेली भाची, मुलाला सांभाळणारी बाई, आजोबांची सेवा करणारा माणूस, नवरा किंवा बायको. तरुण मुलामुलींना मैत्रीण किंवा मित्राबद्दल खासगीत विचारा, ओरडू नका. या सगळ्यांनी त्याच रात्री किंवा एक-दोन दिवसांत उपचार घ्यायचा, खाज असो वा नसो.

सगळ्यांची नखं कापा. अंगठ्या, जोडवी, घड्याळ काढून ठेवा. बांगड्या निघत नसतील तर वर सरकवून खाली मलम लावता येईल असं बघा. मनगटाचे गंडेदोरे आणि मुलांचे करदोडे सोडून ठेवणं उत्तम. त्यांच्याखाली किडे असतातच. श्रद्धेमुळे काढायचे नसतील तर दोऱ्याखालची कातडी नीट माखा आणि दोऱ्यालाही मलम लावा. स्वच्छ कपड्यांचा एक जोड आणि धुतलेल्या चादरी आधीच बाजूला काढून ठेवा.

मलम लावण्याची रात्र

स्वयंपाकघराचं काम, भांडी सगळं आटोपल्यावर सुरू करा. मलम लावल्यावर हात पाण्यात गेले तर बोटांवरचं औषध वाहून जातं, आणि खरजेचं मुख्य ठाणं बोटांतच असतं. घरातल्या बाईचा उपचार याच एका कारणाने फसतो, म्हणून त्या रात्रीची भांडी दुसऱ्या कुणी घासली तर फार बरं.

गरम पाण्याची आंघोळ करून लगेच लावू नका. आंघोळ केली असेल तर अंग कोरडं आणि गार होऊ द्या. मग हनुवटीच्या खालपासून पायाच्या बोटांपर्यंत, सबंध अंगाला पातळ थर चोळा. कातडी चांगली दिसते ती जागासुद्धा सोडायची नाही. पाठीला दुसऱ्याने लावावं. हमखास राहणाऱ्या जागा अशा: बोटांच्या सगळ्या बेचक्या, पायांच्यासुद्धा, बेंबीच्या आत, काखा, स्तनांखालची घडी, जांघा, गुप्तांगाचा बाहेरचा भाग, कुल्ल्यांमधली फट, कानामागे, तळपाय. नखांखाली औषध पोचवण्यासाठी जुन्या मऊ टूथब्रशवर थोडं मलम घेऊन नखांच्या टोकांवर फिरवा आणि तो ब्रश टाकून द्या. खाजवताना किडे नखांत अडकतात, इथे कंटाळा केला तर पुढचे सगळे कष्ट वाया जातात.

दोन वर्षांखालची मुलं आणि म्हातारी माणसं यांना डोकं, कपाळ, कानशिलं, मान इथेही लावायचं, फक्त डोळे आणि तोंडाभोवतालची जागा सोडून. बाळ बोटं तोंडात घालत असेल तर हातांना स्वच्छ मोजे बांधा. अंगावर पाजणाऱ्या आईने पाजण्याआधी स्तनाग्रावरचं मलम पुसून धुवावं आणि पाजून झाल्यावर पुन्हा लावावं.

आठ ते चौदा तास मलम अंगावर राहू द्यायचं. रात्री नऊला लावलं तर सकाळी सातच्या आधी आंघोळ नाही. मधे हात धुतले तर हाताला पुन्हा लावा. शौचाला जाऊन पाण्याने धुतलं तर ती जागा आणि तो हात दोन्हींना पुन्हा लावा. लहान मुलाची चड्डी बदलली तरी तेच. हे कुणी सांगत नाही, आणि आपल्याकडे पाणी वापरायची सवय असल्यामुळे याला विशेष महत्त्व आहे. थोडी चुणचुण, जळजळ होते, ती चालते. अंगावर मोठमोठ्या गांधी आल्या, ओठ सुजले किंवा दम लागला तर मलम धुवा आणि दवाखान्यात जा.

सकाळी: कपडे आणि अंथरुणं

आंघोळ करून धुतलेले कपडे घाला. गेल्या तीन दिवसांत अंगावर किंवा अंगाखाली आलेलं सगळं, म्हणजे कपडे, टॉवेल, पंचे, चादरी, अभ्रे, ओढण्या, गरम पाण्यात धुवा. पाणी ६० अंशांचं असेल तर किडे आणि अंडी दोन्ही मरतात. हात घालवणार नाही इतकं ते गरम असतं, तेव्हा बादलीत काठीने ढवळून अर्धा तास भिजू द्या. मग कडक उन्हात वाळवा, शक्य असेल त्याला गरम इस्त्री फिरवा.

गोधड्या, वाकळा, रजया धुणं जमत नाही. त्या मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा. तीन दिवस पुरतात, मी आठवडाभर ठेवायला सांगेन. पावसाळ्यात ऊन नसतं, कपडे चार-चार दिवस दमट राहतात, तेव्हा तर हा पिशवीचा मार्गच सोपा. मुलांच्या चिंध्यांच्या बाहुल्या, शाळेचा स्वेटर, स्कूटरवर घालायचं जर्किन त्याच पिशवीत. गादी उन्हात टाका आणि तीन दिवस तिच्यावर धुतलेली चादर घालूनच झोपा.

यापलीकडे घर धुऊन काढायची गरज नाही. औषधफवारणी तर मुळीच नको. ज्यांच्याकडे वेळ आणि शक्ती थोडी आहे त्यांनी ती मलम नीट लावण्यात घालवावी.

मुलं दुसऱ्या दिवसापासून शाळेत जाऊ शकतात, मोठी माणसं कामावर.

पुढचा शनिवार

सात दिवसांनी हेच सगळं पुन्हा करायचं, सगळ्यांनी. मधल्या काळात खाज बरीच कमी झालेली असते, म्हणून निम्मी माणसं दुसरी खेप टाळतात. पहिल्या खेपेला एखादी जागा राहिली असेल, एखादं अंडं वाचलं असेल, त्याच्यासाठी ही खेप असते. दिनदर्शिकेवर आजच खूण करा आणि मलम आजच आणून ठेवा. काही कारणाने सातवा दिवस हुकला तर चौदाव्यापर्यंत चालतं, त्याहून लांबवू नका.

खाज राहिली तर

किडे मेल्यानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहते. मेलेले किडे आणि त्यांची विष्ठा कातडीतच असतात, कातडीचा तो थर झडेपर्यंत ॲलर्जी चालू राहते. काखेत किंवा अंडकोषावर लालसर गाठी उरल्या तर त्या काही महिनेही रेंगाळतात, त्या लागणीच्या नसतात. या काळात रोज मलम लावत बसू नका. परमेथ्रिन वारंवार लावलं की कातडी कोरडी पडते, झोंबते आणि त्याचीच खाज सुटते. मग ती खरूज समजून आणखी मलम, असं चक्र सुरू होतं. आंघोळीनंतर खोबरेल तेल किंवा साधं मॉइश्चरायझर, दिवसा कॅलामाइन लोशन, झोप लागत नसेल तर डॉक्टरांनी दिलेली ॲलर्जीची गोळी, एवढं पुरतं.

महिना उलटूनही खाज तशीच असेल, किंवा मधे कमी होऊन पुन्हा वाढली आणि नव्या पुळ्या, नव्या रेघा दिसायला लागल्या, तर मात्र काहीतरी राहिलं. आधी माणसं तपासा: कोण सुटलं होतं, कोण बाहेरून आलं. मग लावण्याची पद्धत तपासा. अलीकडे काही ठिकाणी परमेथ्रिनचा परिणाम पूर्वीइतका होत नसल्याचं डॉक्टर बोलतात, आणि अशा वेळी ते आयव्हरमेक्टिन जोडून देतात. पण औषधाला दोष देण्याआधी माणसांची यादी पुन्हा एकदा बघा.

पिकलेली खरूज

खाजवून कातडी फुटते, तिच्यात जंतू शिरतात, पू होतो, मधासारख्या पिवळ्या खपल्या धरतात. मुलांमध्ये हे फार होतं. आधी किंवा बरोबरीनेच अँटिबायोटिक लागतं, ते डॉक्टरांकडूनच. याकडे दुर्लक्ष करू नका, कारण यातला एक जंतू, स्ट्रेप्टोकोकस, काही आठवड्यांनी मूत्रपिंडाला सूज आणू शकतो. पिकलेली खरूज होऊन गेलेल्या मुलाचा चेहरा सकाळी सुजलेला दिसला, डोळ्यांखाली फुगलं, लघवी कमी झाली किंवा काळ्या चहासारखी लाल-तपकिरी दिसली, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या. रक्तदाब आणि लघवी तपासायला सांगा, आणि खरूज झाली होती हे आवर्जून सांगा. ताप, भोवती पसरणारी लाली, जांघेत दुखरी गाठ असेल तरीही थांबू नका.

खपल्यांची खरूज

एक प्रकार वेगळा आणि घरच्या उपचाराने न जाणारा. अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं, एचआयव्हीचे रुग्ण, दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारे, अवयवरोपण झालेले यांच्यात शरीर किड्यांना आवर घालू शकत नाही. तिथे दहा-पंधराच्या जागी हजारो, कधी लाखो किडे असतात. हातापायांवर जाड, भुसा पडणाऱ्या खपल्या धरतात, नखं जाड होतात, आणि खाज मात्र कमी असते किंवा नसतेच. म्हणून घरच्यांना ते कोरडं इसब वाटतं. अशा एका आजोबांकडून सगळं घर, शेजारपाजार आणि वॉर्डातल्या परिचारिकासुद्धा खरूज घेऊन जातात. इथे गळलेल्या खपल्यांतून, खुर्चीतून, चादरीतूनही लागण होते. मलम आणि गोळ्या दोन्ही, अनेक वेळा द्याव्या लागतात. त्वचारोगतज्ज्ञांकडेच न्या.

आश्रमशाळा, वसतिगृहं, ऊसतोडीचे तळ

एकेका मुलाला मलम देऊन वसतिगृहातली खरूज जात नाही, याचा अनुभव बहुतेक गृहपालांना असेल. सगळ्यांना एकाच वेळी औषध दिलं तर काय होतं हे फिजी बेटांवरच्या अभ्यासात दिसलं. २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. जिथे सबंध वस्तीला आयव्हरमेक्टिन दिलं तिथे खरजेचं प्रमाण वर्षभरात सुमारे ३२ टक्क्यांवरून २ टक्क्यांखाली आलं. जिथे फक्त रुग्ण आणि त्यांच्या संपर्कातल्यांना नेहमीचा उपचार दिला तिथे ते जेमतेम निम्मं झालं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं, त्वचेचे आजारही पाहतं. पण वर्षातून एकदा बघून खरूज धरता येत नाही. अधीक्षक आणि अधीक्षिकांनी महिन्यातून एकदा प्रार्थनेच्या वेळी रांगेत हात पुढे करायला लावून बोटांच्या बेचक्या बघाव्यात, दहा मिनिटांचं काम आहे. एका खोलीत दोन-तीन मुलं सापडली की प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा आणि त्या खोलीतल्या सगळ्यांना, जमल्यास सबंध वसतिगृहाला, स्वयंपाकी आणि कर्मचाऱ्यांसह औषध द्यायची मागणी करा. ज्या मुलांच्या अंगावर खरूज दिसते त्यांची नावं फळ्यावर लिहू नका, त्यांना वेगळं बसवू नका. पुढच्या वेळी मुलं हात लपवतील.

ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचं सगळं एका कोपीत असतं. पाणी मोजकं, कपडे दोन जोड, रात्रीची थंडी, त्यामुळे आईबाप आणि मुलं एका वाकळीत. इथे मोठ्यांना आणि १५ किलोवरच्या मुलांना गोळ्या, त्याहून लहान मुलांना आणि गरोदर बायकांना मलम अशी विभागणी व्यवहार्य ठरते. आशाताई किंवा आरोग्यसेविकेने दुसरी मात्राही त्याच दिवशी कुटुंबाच्या हातात द्यावी, तारीख लिहून. सात दिवसांनी टोळी दुसऱ्या फडावर गेलेली असते.

वसतिगृहांत सुट्ट्यांचं गणितही बघा. दिवाळीच्या सुट्टीला दोन दिवस राहिले असताना पहिली खेप देऊन मुलं घरी पाठवली तर दुसरी खेप घरी होत नाही, आणि मूल घरच्या अंथरुणातून नवी खरूज घेऊन परततं. पहिली खेप देऊन झाली असेल तर दुसरीचं औषध आणि पालकांसाठी मराठीत किंवा त्यांच्या बोलीत लिहिलेली चिठ्ठी मुलाच्या दप्तरात द्या, घरातल्या सगळ्यांसाठी औषध कुठे मिळेल हे तिच्यात लिहा. खेप सुरूच झाली नसेल तर मुलं परत आल्यावर पहिल्या रात्री सगळ्यांचे हात तपासा, आणि दोन्ही खेपा सलग दोन शनिवारी वसतिगृहातच द्या.